वाटणीत विसरलेली गाय

आमच्या घरची वाटणी झाली तेव्हा दाराशी पडलेलं पायपुसणंसुद्धा मधोमध कापलं गेलं. थट्टा करत नाहीये. आमचे हे आणि भाऊजी, म्हणजे माझा धाकटा दीर, दोघंही सुतार. अर्धं म्हणजे अर्धं, सूतभरही इकडचं तिकडे चालायचं नाही. करवती वाटल्या, पटाश्या वाटल्या, सासूबाईंची ताटं वाटली. शिडी एकच होती, तर ती आठवडाभर इकडे आणि आठवडाभर तिकडे असं ठरलं. साक्षीला कोपऱ्यावरचा शिंपी आणि शाळेतले मास्तर होते. दोघं सगळ्या खोल्यांतून फिरले, माळ्यावर चढले, लाकडं ठेवायच्या पडवीतही डोकावले. गोठ्याशी आले तेव्हा गोठा रिकामा होता. "गोठा थोरल्याकडे," असं म्हणून ते पुढे गेले.

गाय त्या वेळी मागच्या उतारावर चरत होती. संध्याकाळी ती आपल्या पायांनी परत आली, नेहमीच्या जागी उभी राहिली, मी दूध काढलं. ती कोणाच्या वाट्याला आली हे विचारायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर स्वतःला घरातली सगळ्यात शहाणी समजत होते.

गायीला आम्ही बाईसाहेब म्हणायचो. नाव मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं. ती कोणासाठी बाजूला व्हायची नाही, आपणच वळसा घालून जायचं.

भांडणाचं कारण विचाराल तर सांगायलाही लाज वाटते. भाऊजींनी कोणाला न विचारता विजेवर चालणारा रंधा आणला. यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "हे लाकूड तासत नाही, ओरबाडतं." भाऊजी म्हणाले, "दादा, तुझं आता वय झालं." यांची तेव्हा चाळिशीही आली नव्हती! झालं. दोघांनी तोंडं फिरवली. या घरातले पुरुष रागावले की ओरडत नाहीत, गप्प बसतात, हीच तर खोड. ओरडले असते तर जेवायच्या वेळेपर्यंत मिटलं असतं.

मग घराच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. अर्ध्या फळ्या यांनी ठोकल्या, अर्ध्या भाऊजींनी, एकमेकांशी अवाक्षर न बोलता. काम मात्र इतकं चोख की फळ्यांमधून उजेडाची रेघ दिसायची नाही. भिंत पुरी झाल्यावर लक्षात आलं की गोठा आमच्याकडे आणि नळ त्यांच्याकडे. बाईसाहेबांना तर बादल्यांमागून बादल्या पाणी लागायचं. तेव्हा भिंतीत एक सरकती झडप बसवली, बादली आत-बाहेर जाईल एवढी. कडी दोन्ही बाजूंनी, म्हणजे कोणाच्या मानाला धक्का नको. पाणी तिकडून यायचं, दूध इकडून जायचं.

दूध जायचं हे कोणी ठरवलं? कोणीच नाही. भिंतीनंतरच्या पहिल्या सकाळी मी कास धुऊन स्टुलावर बसले, तर हे मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर जरा." मी सरले. पहिल्या दोन धारा यांनी जमिनीवर सोडल्या, मग काचेचा ग्लास आचळाखाली धरला आणि वरपर्यंत भरला. फेस काठाच्या वर आला. ग्लासवर तळवा ठेवून, तो गरम गरम ग्लास माझ्या हातात देत म्हणाले, "आधी हा दे. मग किटली भर." मी म्हटलं, "तुम्हीच द्या ना." तर म्हणाले, "मी काढला हे त्याला सांगायचं नाही. सांगितलंस तर याद राख."

लहानपणी भाऊजी फार आजारी असायचे. मामंजी भल्या सकाळी कामावर जायचे, तेव्हा हेच गोठ्यात बसून धाकट्या भावासाठी धारोष्ण दूध काढायचे. तो समोर उभा राहून प्यायचा, ओठांवर फेसाच्या मिशा घेऊन शाळेत जायचा. हे मला यांनीच कधीतरी सांगितलं होतं. मोठे झाले, लग्नं झाली, तरी भाऊजींची सकाळ त्या ग्लासाशिवाय सुरू व्हायची नाही. तापवलेलं दूध पुढे केलं तर नाक मुरडायचे. मला स्वतःला दुधाचा वासही नकोसा होतो, मी चहासुद्धा कोरा घेते. पण दूध काढायला मला आवडायचं. बाईसाहेबांच्या पोटाला डोकं टेकवून बसलं की जगात दुसरं काही काम नाही असं वाटायचं.

तर असं चाललं, वर्षामागून वर्षं. पहिला ग्लास यांनी काढायचा, मग स्टूल माझ्याकडे द्यायचं आणि आपण खोलीत निघून जायचं. मी झडपेवर टकटक करायची. पलीकडे धाकटी, माझी जाऊ, वाटच बघत असायची.

त्या झडपेवर माझा जीव होता, हे सरळच सांगते. भाऊ बोलत नव्हते म्हणून आम्ही दोघी दारातून उघडपणे एकमेकींकडे जात नव्हतो, पण दूध द्यायला कोण मना करणार? ग्लास जायचा, किटली जायची, आणि मग झडप उघडीच राहायची. आम्ही दोघी आपापल्या बाजूला पालथ्या बादलीवर बसायचो. मला फक्त तिची हनुवटी आणि हात दिसायचे. त्या हातांवरून मी सांगू शकायची की आज भांडण झालंय की धुणं जास्त होतं. सुई-दोरा, अर्धी वडी साबण, तापाचं औषध, शेजारणीच्या सुनेची अख्खी कहाणी, सगळं त्याच भोकातून गेलं. तिची मुलगी जन्मली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते त्या झडपेतूनच. फडक्यात गुंडाळून तिने ती माझ्या हातात सरकवली आणि म्हणाली, "जाऊबाई, धरा नीट, किटली नाहीये ही." मी हसले आणि रडलेसुद्धा.

मग नियम आला. गावातल्या एका खाणावळीत कच्च्या दुधामुळे पुष्कळ माणसं आजारी पडली, दोन मुलं तर जेमतेम वाचली. त्यानंतर एक दिवस दूध तपासणाऱ्या बाई आमच्या अंगणात उभ्या राहिल्या. पायात रबरी बूट, खांद्याला बाटल्यांची पेटी. मला वाटलं होतं कोणीतरी खडूस असणार, पण बाई साध्या होत्या, बोलणं स्पष्ट.

"स्वतःच्या जनावराचं कच्चं दूध स्वतःच्या घरात पिताय, तर माझं काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्या घरात एक थेंबही द्यायचा नाही. फुकटसुद्धा नाही. दुसऱ्याला द्यायचं असेल तर दूध केंद्रावर घाला. तिथे तापवतील, मग जाईल. आणि गोठ्यावर मालकाच्या नावाची पाटी लावायची. ही गाय कोणाची?"

मी तोंड उघडणार तोच हे म्हणाले, "माझ्या भावाची."

मी यांच्याकडे बघतच राहिले.

"भाऊ कुठे राहतात?"

"भिंतीपलीकडे."

बाई पुढच्या दाराने पलीकडे गेल्या. झडप उघडी होती, मला सगळं ऐकू आलं. त्यांनी तोच प्रश्न विचारला. भाऊजी म्हणाले, "गाय? गाय दादाची आहे."

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "दंड चुकवायला लोक हात झटकतात, ते मला नवीन नाही," त्या म्हणाल्या. "पण अजून मी दंडाचं नावही काढलेलं नाही. पुढच्या फेरीला येईन तेव्हा पाटी लागलेली हवी. गाय एकाची असेल तर दुसऱ्या घरात दूध बंद. दोघांची असेल तर दोघांनी माझ्यासमोर उभं राहून तसं सांगायचं, मग दोन्ही घरं पिऊ शकतात."

"दोघांची नाही," हे म्हणाले. "खोटं कसं सांगू?" आणि पलीकडून भाऊजींचाही आवाज आला, अगदी तेच शब्द. बोलत नव्हते, पण नको तिथे एकमत!

गाय कोणाचीही ठरो, दूध थांबणार होतं. दूध थांबलं की झडप उघडायला निमित्त उरणार नव्हतं. पाण्याचं म्हणाल तर यांनी त्याच संध्याकाळी आमच्या बाजूला हातपंप बसवायची भाषा सुरू केली.

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी पालथ्या बादल्यांवर बसलो. मी म्हटलं, "अगं, भाऊजींना गाय आमची का वाटते?"

"वाटते म्हणजे? आहेच ना," धाकटी म्हणाली. "गोठा तुमच्या वाट्याला आला, म्हणजे गाय तुमची. जाऊबाई, खरं सांगू? हे रोज तो ग्लास तोंडाला लावताना डोळे मिटतात. म्हणतात, दादा माझ्याशी बोलत नाही, पण दादाने दूध तोडलं नाही. स्वतःची गाय असून पहिला ग्लास मला देतो. त्या वर्षी तुम्ही वासरू आमच्याकडे पाठवलंत ना, ते विकून यांनी तुमच्या गोठ्यावर नवे पत्रे घातले. म्हणाले, दादाचं वासरू, दादाचाच गोठा."

ते वासरू यांनी का पाठवलं होतं हे मला माहीत होतं. "मालकाचं पिल्लू मालकाकडे गेलं पाहिजे," असं म्हणाले होते. आणि पत्रे लागले तेव्हा म्हणाले होते, "बरोबर आहे, छप्पर मालकानेच घालायला हवं." मला तेव्हा वाटलं, हे आपलं चिडून बोलतायत. ते चिडून बोलत नव्हते. यांच्या लेखी हे इतकी वर्षं भावाची गाय सांभाळत होते आणि त्याचं दूध त्याला नेमाने पोचवत होते.

म्हणजे पलीकडचा माणूस जे माया समजून पीत होता, ते इकडच्या माणसाला वाटत होतं केवळ सचोटी. पाटी लागली की भाऊजींना हे कळणार होतं. दूध जाणार, झडप जाणार, आणि इतक्या वर्षांच्या सकाळीही त्यांच्या हातून जाणार. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

मी कामाच्या खोलीत गेले. हे एका फळीवर रंधा फिरवत होते. फळीवर पेन्सिलने भाऊजींचं नाव लिहिलं होतं, गोठ्यासाठी पाटी.

"त्यांना वाटतं तुम्ही देता," मी म्हटलं.

"काय देतो?"

"दूध. वासरू. सगळं. तुमची गाय समजून ते इतकी वर्षं..."

यांचा हात थांबला. "मी कुठला देणारा? त्याचं त्याला मिळतं."

"आणि ग्लास?"

"ग्लासाचं काय आहे त्यात?" असं म्हणून यांनी पुन्हा रंधा मारला, आणि तोही लाकडाच्या रेषांच्या उलट. फळीचा एवढा मोठा कपचा उडाला. उभ्या आयुष्यात मी यांच्या हातून अशी चूक पाहिली नव्हती. नवी फळी घ्यावी लागली.

बाईंच्या फेरीचा दिवस उजाडला. मी गोठ्यात गेले तर दाराच्या उजव्या अंगाला यांनी हाताने कोरलेली पाटी होती, भाऊजींच्या नावाची. आणि डाव्या अंगाला दुसरी पाटी, यंत्राने तासलेली, गुळगुळीत, यांच्या नावाची. भाऊजी मागच्या गल्लीने येऊन लावून गेले होते. यांनी ती पाहिली होती, पण काढली नव्हती. तिच्यावरून नुसता अंगठा फिरवला आणि पुटपुटले, "ओरबाडलेलं नाही हो."

बाईंनी दोन्ही पाट्या वाचल्या. मग बाईसाहेबांकडे बघून म्हणाल्या, "बिचारी! कोणालाच नकोय का ही?"

भाऊजींना बोलावणं गेलं. ते समोरून आमच्या अंगणात आले, भिंतीनंतर पहिल्यांदाच. पाठोपाठ धाकटी. तिला पूर्ण उभी पाहून मला वाटलं, ही इतकी बुटकी कधीपासून?

"गाय दादाची," भाऊजी बाईंना म्हणाले. "गोठा त्याच्या वाट्याला आला."

"गोठा आला, गाय नाही," हेही बाईंनाच म्हणाले. "हिची आई बाबांनी याच्यासाठी आणली होती. हा आजारी असायचा. मला म्हणाले होते, ही धाकट्याची, तू सांभाळ."

भाऊजी सावकाश वळले. इतक्या वर्षांत पहिला शब्द यांच्याशी बोलले. "मग तू एवढी वर्षं दूध पाठवत होतास ते..."

"तुझंच होतं. मालकाला पोचतं केलं. सांभाळण्याबद्दल आम्ही आमच्यापुरतं ठेवत होतो."

"एवढंच?"

"एवढंच."

भाऊजींचा चेहरा पडला. एवढा मोठा बाप्या माणूस, पण हातातली वस्तू कोणी काढून घेतल्यावर पोर जसं आधी रडत नाही, नुसतं बघतं, तसे ते बघत होते. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. आणि माझं डोकं फिरलं.

"आणि ग्लास?" मी ओरडले.

"तू गप्प बस," हे म्हणाले.

"मुळीच नाही बसणार! पुष्कळ बसले. भाऊजी, तो पहिला ग्लास मी काढत नाही. एक दिवसही काढलेला नाही. हे काढतात. मला स्टुलावरून उठवतात, दोन धारा खाली सोडतात, फेस काठाच्या वर येईपर्यंत भरतात आणि तळव्याने झाकून माझ्या हातात देतात. ताप असला तरी उठतात. हाताला टाके पडले होते तेव्हा डाव्या हाताने काढला. किटलीत मालकाचं दूध होतं, मान्य. ग्लास कोणत्या मालकाचा होता, ते विचारा तुमच्या दादाला!"

दिलेला शब्द मी असा चारचौघांत मोडला होता. हे माझ्याकडे बघेनात, भाऊजींकडेही बघेनात. चोरी पकडल्यासारखे पँटला हात पुसत उभे राहिले.

"दादा?" भाऊजी म्हणाले.

"तुला फेस लागायचा," हे म्हणाले. "किटलीत बसून जातो तो."

भाऊजी पुढे आले आणि बाईसाहेबांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, यांच्या अगदी शेजारी. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि त्यांना ते पुसायचंही भान नव्हतं. धाकटीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले.

मग बाई म्हणाल्या, "मी एकदाच विचारते. गाय कोणाची?"

"आमची," भाऊजी म्हणाले.

बाईंनी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली. "तोंडाने सांगा," त्या म्हणाल्या. खमकी बाई!

"आमची," हे म्हणाले.

"मग दोन्ही पाट्या राहू द्या," बाई म्हणाल्या. "कास नीट धुवा, भांडी उकळत्या पाण्यातून काढा, आणि लहान मुलीला कच्चं अजिबात देऊ नका. खाणावळीतली मुलं मी पाहिली आहेत." मी मान डोलावली. नियम चुकीचा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याने विचारला नसता तर तो प्रश्न आमच्यात कोणी कधी विचारलाच नसता.

त्या दिवसानंतर भाऊजी सकाळी गोठ्यात येऊन उभे राहू लागले, स्वतः ग्लास घेऊन. हे काढायचे, ते प्यायचे. बोलणं फारसं नाहीच. भिंत पाडायची म्हणून एकदा दोघं करवती घेऊन आले, पण आपलंच काम बघून दोघांचाही हात धजेना. आम्ही दोघींनीही सांगितलं, राहू द्या, आमची सवय आहे. फक्त कड्या काढून टाकल्या.

आता बाईसाहेब नाहीत. त्यांच्यानंतर गाय ठेवली नाही. उतारावर घरं झाली. दोन्ही पाट्या रिकाम्या गोठ्याच्या दारावर अजून आहेत, आणि खरं सांगायचं तर यंत्रावरची जास्त टिकली. हेही गेले. त्या आठवड्यात घर माणसांनी भरलं होतं, मला काही आठवत नाही. सगळे गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी उठून बसले होते, काय करायचं ते कळत नव्हतं. तेवढ्यात झडपेवर टकटक झाली.

मी झडप सरकवली. धाकटीचे हात नव्हते. भाऊजींचे होते, म्हातारे, थरथरणारे, आणि त्यात काचेचा ग्लास, वर तळवा. पिशवीतलंच दूध, तापवलेलं. पण एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून ओतून त्यांनी त्याला फेस आणला होता. काठाच्या वरपर्यंत.

"वहिनी," ते म्हणाले, "आधी हा घ्या."

तेव्हापासून तो ग्लास रोज येतो. धाकटी सांगते, ते कोणाला भांड्याला हात लावू देत नाहीत, ओट्यावर सगळं सांडून ठेवतात. मी झडपेशीच पालथ्या बादलीवर बसते आणि त्यांच्यासमोर शेवटच्या थेंबापर्यंत पिते. मग आत येऊन कोरा चहा ठेवते. मला दूध सोसत नाही हे भाऊजींना ठाऊक नाही. धाकटीला ठाऊक आहे, आणि मी तिला बजावलंय, सांगितलंस तर याद राख.